मोहिनीकडचा सव्वा महिना

फोन आला तेव्हा मी भांडत होते. गॅस सिलिंडर पोचवणाऱ्या माणसाशी. त्याला पहिला मजला चढायचा नव्हता आणि मला सिलिंडर खालून उचलून आणायचा नव्हता. आमचं हे भांडण दरवेळी होतं. एका हातानं त्याला थांब म्हणत दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला, तर दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "बाई, तुम्ही लगेच या." माझ्या तोंडाकडं बघून त्या माणसानं मुकाट्यानं सिलिंडर खांद्यावर घेतला, वर नेऊन ठेवला आणि जाताना दार ओढून घेतलं. मोहिनी गेली होती. डेंग्यूनं. आठवडाभरसुद्धा तापली नसेल. ज्या आजाराला घाबरून तिच्या माहेरानं तिला दार बंद केलं, त्या आजारासोबत ती सात-आठ वर्षं मजेत नांदली, आणि शेवटी नेलं कुणी, तर एका डासानं. हे तिला कळलं असतं तर पोट धरधरून हसली असती. मला मात्र त्या डासाचा इतका राग आला, की घरातली पाण्याची सगळी पिंपं मी रिकामी करून घासून काढली.

मोहिनी हे तिचं खरं नाव नाही. मी अधूनमधून पुरवण्यांत लिहिते, याचं तिला भारी कौतुक. "मास्तरीणबाई, माझ्यावर कवा लिव्हनार?" म्हणून मागं लागायची. मी म्हणायचे, तुझ्यावर लिहिलं तर गावाला कळेल, चालेल का? त्यावर तिचं उत्तर तयार असायचं. "मी मेल्यावर लिवा. आन् नाव बदला. पर बदलताना कायतरी सखूबिखू ठिवू नका, हिरॉईनवानी ठिवा. मोहिनी ठिवा." म्हणून मोहिनी. रंगानं सावळी, अंगानं थोराड, पुढच्या दोन दातांत फट, आणि हसली की फलाटाच्या या टोकाचं त्या टोकाला ऐकू जाणार... अशी आमची हिरॉईन. या लेखात दौंड तेवढं खरं, बाकीची नावं मी बदलली आहेत. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. बाकीच्यांनी कृपा करून डोकं चालवू नये.

आमची ओळख रेल्वे कॉलनीतली. माझे यजमान मालगाडीचे गार्ड, मी तिथल्या शाळेत शिकवायला. तिचा नवरा गँगमन. तो वारला तेव्हा ती पाच-सहा महिन्यांची गरोदर होती. टीबीनं गेला, एवढंच कॉलनीला ठाऊक. पुढं पुण्याच्या सरकारी दवाखान्यात गरोदरपणाच्या तपासणीत तिचं रक्त तपासलं, आणि नवरा जाताना मागं काय ठेवून गेलाय ते तिला कळलं. एचआयव्ही. हे तिनं एकाच माणसाला सांगितलं, स्वतःच्या आईला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत, आणि माहेरी जायचं तर आईपासून कशाला लपवायचं, असा तिचा साधा हिशोब. माहेर शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठाला, थोडी बागायत, झेंडू आणि मेथी. आठव्या महिन्यात भाऊ न्यायला येणार होता. आलाही, पण दौंडच्या एसटी स्टँडापर्यंतच. बाजरीचं पोतं खाली ठेवलं, म्हणाला, "आई म्हनती घरात ल्हान लेकरं हायेत," आणि आला तसा पुढच्या एसटीनं परत गेला. रडत गेला, असं मोहिनी सांगायची. भावाचं वाईट बोललेलं तिला चालायचं नाही. पोतं तिनं रिक्षात घालून घरी आणलं आणि त्याच रात्री त्यातल्या भाकरी केल्या. म्हणे, बाजरीनं माझं काय वाकडं केलंय?

तिला हवं होतं ते एवढंच, की चारचौघींसारखं बाळंतपण व्हावं. सव्वा महिना अंगाला तेल, कडकडीत पाणी, शेगडीचा शेक, कुणीतरी पुढ्यात ताट आणून ठेवावं, कुणीतरी "उठू नकोस गं" म्हणून ओरडावं. आणि कॉलनीला काही कळू नये. नवऱ्याच्या जागी नोकरी मिळायची होती, क्वार्टर टिकायची होती, पोरीला शाळेत जायचं होतं. कळलं की हे सगळं गेलंच, याबद्दल तिची खात्री होती. तो काळच तसा होता. भिंतींवर लाल अक्षरात नुसती भीती रंगवलेली असायची, आणि माणसं पेल्यालासुद्धा घाबरायची.

पोरगी पुण्यालाच झाली. कळा सुरू झाल्यावर आईला गोळी, झाल्यावर पोरीला औषधाचे थेंब. तिथल्या समुपदेशक बाईंनी नीट समजावलं होतं, की बाळाला एकतर फक्त आईचं दूध किंवा फक्त वरचं, दोन्ही मिसळायचं नाही. मोहिनीनं वरचं ठरवलं. आता आमच्याकडं बाळंतीण पोराला अंगावर घेत नाही म्हटलं की आधी पंचनामा होतो. म्हणून घरी पाय ठेवल्या ठेवल्या तिनं जाहीर करून टाकलं, की मला दूधच येत नाही. तिला वाटलं, मिटलं प्रकरण. अहो, कसलं मिटतंय! बाळंतिणीला दूध नाही हे कळल्यावर स्वस्थ बसेल अशी एक बाई अख्ख्या दौंडात नसेल. दुसऱ्या दिवसापासून रांग लागली. कुणी अळिवाची खीर, कुणी मेथीचे लाडू, कुणी खसखस, कुणी शतावरी, कुणी लसणाची फोडणी दिलेली बाजरीची पेज. समोरच्या क्वार्टरमधल्या हौसामावशी, म्हणजे पॉइंट्समनच्या आई, यांनी तर सकाळ-संध्याकाळ वाटी भरून काही ना काही आणायचा नेमच धरला, आणि संपेपर्यंत समोर बसून राहायच्या. मावशी म्हणजे कॉलनीचं गुप्तहेर खातं. कुणाच्या घरी कुठला पाहुणा आला, किती दिवस राहिला, जाताना पिशवी भरलेली होती का रिकामी, सगळं ठाऊक. मोहिनी जगात कुणाला भीत असेल तर या बाईंच्या डोळ्यांना.

आणि मोहिनी ते सगळं खात होती! एवढं चांगलंचुंगलं तिनं जन्मात खाल्लं नव्हतं, आणि पुढं आलेलं ताट परत करायचं तिच्या स्वभावातच नव्हतं. मग व्हायचं तेच झालं. दूध असं आलं, की छाती दगडासारखी. जुन्या साडीच्या पट्ट्या आवळून बांधायची, दिवसातून कितीदा चोळ्या बदलायची, कुणी बघितलंच तर म्हणायची, "घाम लई येतोय."

मला यातलं काही माहीत नव्हतं. माझा मुलगा तेव्हा चार महिन्यांचा होता आणि मला दूध भरपूर. एका दुपारी शाळेतून येताना मी तिच्याकडं डोकावले. ती न्हाणीत होती, आणि पोरगी झोळीत टाहो फोडत होती. एवढंसं तोंड, लालबुंद झालेलं. मला राहवेना. शेजारणीचं पोर भुकेलं असलं की पदराखाली घ्यायचं, त्यात विचारायचं काय? मी भिंतीला टेकून बसले, पोरीला मांडीवर घेतलं, बटणं काढली... आणि न्हाणीचं दार उघडलं. ओल्या केसांनी, अर्धवट गुंडाळलेल्या साडीनं मोहिनी जी धावत आली, तिनं पोरगी माझ्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतली. तिच्या अंगावरून दूध ओघळत होतं. ज्या बाईला दूधच येत नाही, त्या बाईच्या.

ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि सगळं बोलली. एका दमात. "मला ती बिमारी हाय बाई. नवऱ्याची. पोरीला हाय का न्हाई ते अजून म्हाईत न्हाई. तुमच्यातनं तुमच्या लेकराला गेलं तर मी कुठं तोंड दावू?" मला आज लिहितानाही त्या क्षणाचं नवल वाटतं. गप्प राहिली असती तर कुणाला काय कळणार होतं? उलट तिचं खोटं आणखी पक्कं झालं असतं. तिनं जे जिवापाड झाकून ठेवलं होतं, ते माझ्या चार महिन्यांच्या पोरासाठी एका क्षणात उघडं केलं. आणि मी काय बोलले असेन? काहीतरी शोभेसं बोलायला हवं होतं. पण मी चिडले की माझ्या तोंडाला लगाम नसतो. मी म्हटलं, "मग मेथीचे लाडू कशाला हादडतेस गं बये? बंद कर आधी ते!" ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. मग तिचे ओठ हलायला लागले, आणि मग ती जी हसत सुटली... मीही. दोघी जमिनीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो, आणि मग ते पाणी कधी खरं झालं ते कळलं नाही. पोरगी मधल्या मध्ये कोकलत होती. शेवटी मी उठून दूध कोमट केलं आणि चोचीच्या वाटीनं, म्हणजे बोंडल्यानं, तिला पाजलं. बोंडलं कसं धरायचं, धार किती द्यायची, हे मोहिनीनं मला तेव्हा शिकवलं.

घाबरले नाही, असं कसं म्हणू? दुसऱ्या दिवशी पुण्याच्या त्या समुपदेशक बाईंना फोन करून शंभर प्रश्न विचारले. त्यांनी शांतपणे सगळ्यांची उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाल्या, "तिला तेल लावायला कुणी आहे का हो?" नव्हतं. तेल लावणारी बाई बोलवायची म्हणजे तिच्यापुढं चोळी काढायची, आणि दूध दिसायचं. म्हणून आठ-दहा दिवस तिच्या अंगाला कुणाचा हातच लागला नव्हता. मी पदर खोचला. माझ्या आईनं मला चोळलं होतं ते अंगात होतंच. तेल गरम केलं, तिला पाटावर पालथं झोपवलं आणि पाठीवर हात फिरवला, तशी ती थरथरली. मला वाटलं, आता रडते. थोड्या वेळानं आवाज आला, "बाई, जरा जोर लावा की. भाकरी थापताय का काय?" तिथून पुढं तिचा सव्वा महिना मी केला, आणि तिनं तो भरभरून करून घेतला. पाणी कडक नाही म्हणून तक्रार, शेगडीत निखारे कमी म्हणून तक्रार. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पोरीचं बारसं केलं तेव्हा हिरव्या साडीत अशी बसली होती, जणू तिच्या माहेरची शंभर माणसं जेवायला आलीत.

पोरगी दीड वर्षाची झाली की पक्की तपासणी व्हायची होती. तोवर मोहिनीला नवऱ्याच्या जागी नोकरीही लागली होती, स्टेशनवर बायकांच्या वेटिंग रूममध्ये. रिपोर्ट आणायला ती पुण्याला एकटी गेली. मला येऊ दिलं नाही. संध्याकाळच्या शटलला मी फलाटावर उभी होते. ती उतरली आणि सरळ वडापावच्या गाड्यापाशी गेली. दोन घेतले, एक माझ्या हातात कोंबला. "खा बाई. पोरगी निगेटिव्ह हाय." तो वडापाव मी कसा गिळला ते माझं मला माहीत. तिनं मात्र आणखी एक मागवला.

त्याच दवाखान्याच्या रांगेत तिला पुढं हाच आजार असलेली एक पोरगी भेटली. रांजणगावच्या एका कंपनीत नवरा शिफ्टला, दोघंही भाड्याच्या खोलीत, पोरगी बाळंत होऊन तिसऱ्या दिवशी धुणं धुवायला बसलेली. माहेरानं नको म्हटलेलं, सासरला सांगितलेलं नव्हतं. मोहिनी तिला तशीच बाळासकट शटलमध्ये घालून दौंडला घेऊन आली. म्हणाली, "माझ्या मामाची पोर हाय. बाळंतपनाला आलीय." दोन महिन्यांनी कुरकुंभची आली. तीही मामाची. मग शिरूरची. तीही. मी म्हटलं, अगं बये, तुझ्या मामाला पोरी आहेत तरी किती? हौसामावशी समोर बसून मोजतायत. एक दिवस बोट दाखवतील, मग तू, तुझी पोर आणि या सगळ्या, एका दमात उघड्या पडाल. तेव्हा ती खरंच घाबरली. दोन दिवस हसली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तिच्या घरातून डिंक तळल्याचा वास आला.

तिची अक्कल अशी, की लपवायचं असेल तर दार बंद नाही करायचं, सताड उघडायचं. तिनं कॉलनीभर सांगितलं, की माझा हात बाळंतिणीला चांगला लागतो, कुणालाही तेल-पाणी करून घ्यायचं असेल तर या, डिंकाचे लाडूही मिळतील. सुट्टीच्या दिवशी आणि ड्युटी सोडून उरलेल्या वेळात तिचं घर म्हणजे नुसता झोळ्यांचा बाजार. पाच बाळंतिणी बसलेल्या, त्यात आजाराची एखादी, बाकीच्या ठणठणीत. कोण कुठली, कोण ओळखणार? हौसामावशींनी आपल्या सुनांची बाळंतपणं तिच्याकडूनच करून घेतली. कारकुनांच्या बायको, म्हणजे आमच्या कारकुनीणबाई, आल्या, फिटरच्या लेकी आल्या, गावातल्यासुद्धा आल्या. आम्हाला आमच्या हुशारीचा कोण अभिमान! त्या पोरींच्या गोळ्या चिवड्याच्या डब्यात, बोंडली स्वयंपाकघरात उकळत, आणि बाहेर या सगळ्यांच्या गप्पा. कुणी विचारलं की तुझं बाळ वरचं दूध का पितं, तर मोहिनीच पुढं व्हायची. "माझ्यावर गेलीया ती. आमच्या मामाच्या घरान्यात समद्यांचं दूध आटतं." आणि डोळा मारायची माझ्याकडं.

कडक होती मात्र. गोळी चुकवली तर पोरीला ताटावरून उठवायची आणि गोळी घेतल्यावर पुन्हा बसवायची. कुणी रडायला लागलं की म्हणायची, "रड, पर पालथी पडून रड, तवर मी कंबर चोळते." एकदा पुण्याहून पाहणी करणारी एक मुलगी आली. अशा मातांचं आयुष्य कसं चाललंय, त्याचा अभ्यास होता तिचा. गोड होती पोरगी, उन्हातून दमून आलेली. तिनं विचारलं, तुमच्या आयुष्याचा दर्जा तुम्ही कसा सांगाल? अतिशय वाईट, वाईट, बरा, चांगला, का अतिशय चांगला? मोहिनीनं खूप विचार केला. "आत्ताचा व्हय? आत्ता पाय भरून आल्यात, म्हंजी बरा धर. पर संध्याकाळी बोंबलाचं कालवण हाय, तवा अतिशय चांगला. तुला कुठल्या टायमाचा पायजे?" पोरगी हसून हसून बेजार. पुढचा प्रश्न होता, रोजच्या कामाला अंगात ताकद असते का? मोहिनी म्हणाली, "मला हाय. तुलाच न्हाई दिसत. ऊठ, हातपाय धू." ती बिचारी कालवण खाऊन शेवटच्या गाडीनं गेली. जाताना म्हणाली, मी 'अतिशय चांगला' लिहिलंय. ते शास्त्रात बसतं का मला ठाऊक नाही.

आणि खरंच चांगली वर्षं होती ती. फुकट औषधं मिळायला लागली, तिचं वजन वाढलं, इतकं की वेटिंग रूममधली खुर्ची बदलावी लागली. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पांढरी साडी नेसून तास न् तास नाचायची आणि दुसऱ्या दिवशी गुडघे धरून माझ्याकडून तेल लावून घ्यायची. तिची पोर आणि माझा मुलगा एका वर्गात, एकाच बाकावर, रोज एकमेकांच्या तक्रारी. एकच काटा शेवटपर्यंत राहिला. हौसामावशी समोरच्या ओट्यावर येऊन बसल्या, की मोहिनीचा आवाज खाली यायचा. "बाई, तिला कळलं तर?" हे तिनं मला किती वेळा विचारलं असेल. तापानं फणफणली होती तेव्हासुद्धा तेच. स्वतःचं नाही, त्या पोरींचं. त्या सगळ्यांचे संसार तिच्या झाकण्यावर उभे होते.

म्हणून तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माझा जीव टांगणीला लागला होता. मी त्या पोरींना निरोप पाठवला होता, की येऊ नका, लोक विचारतील. पण ऐकलं कुणी? शिरूरच्या आल्या, रांजणगावच्या आल्या, कुरकुंभची तर कंपनीच्या गाडीतून उतरून थेट. पोरं कडेवर, काही बोटाला. भंतेजींची वंदना चालू होती आणि या मागं ओळीनं बसून आई गेल्यासारख्या रडत होत्या. पस्तिशीच्या बाईसाठी पंचविशीच्या लेकी. तिचा भाऊ आला होता, दाराशी खाली मान घालून बसला होता. त्यानं त्यांतल्या एकीला हळूच विचारलं, "ताई, तुम्ही आमच्यातल्या कोन?" ती म्हणाली, "माझं म्हायेर हाय हे." भाऊ उठून बाहेर गेला. आणि समोरच्या ओट्यावरून हौसामावशी एकेकीला निरखून बघत होत्या.

सगळे गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. "मास्तरीण, हिकडं ये." मी गेले. म्हणाल्या, "त्या लाल लुगड्यावालीच्या गोळ्या चालू हायेत न्हवं? लई वाळलीया." मी म्हटलं, कसल्या गोळ्या मावशी? "आता माझ्यापशी बी?" मावशींनी पानाचा डबा बाजूला सरकवला. "म्या काय आंधळी हाय व्हय? तिच्या पोरीच्या टायमाला दांडीवर चोळ्या वाळायच्या. दूध येत न्हाई म्हनायची, आन् चोळ्यांवर दुधाचं डाग. नवरा कशानं गेला ते बी रेल्वेच्या दवाखान्यात कुजबुजत हुतीच की लोकं. तवाच वळाखलं म्या." मी विचारलं, कुणाला सांगितलं नाहीत? "सांगून काय करू? त्या घरात जनावरं न्हवती, बाळंतिनी हुत्या." मग म्हणाल्या, "माझ्या सुनांना म्या तिच्याकडं धाडलं, ते काय मला तेल लावता येत न्हाई म्हून? दहा बाळंतपनं केलीत म्या. चार आपल्या बाया जाताना दिसल्या म्हंजी कुनी बोट दावत न्हाई. त्या कारकुनिनीला म्याच धाडलं. फिटरच्या लेकींना बी."

मला राग आला. खरंच आला. आम्ही दोघी एवढी वर्षं ज्या युक्तीवर खूश होतो, ती युक्ती ही बाई समोर बसून चालवत होती, आणि मोहिनी मात्र मरेपर्यंत हिलाच भ्यायली. मी म्हटलं, मावशी, एकदा तिला सांगायचं तरी. शेवटच्या तापात तिच्या तोंडी तुमचंच नाव होतं. मावशींचे डोळे भरून आले. "सांगितलं असतं तर ती हितं ऱ्हायली असती व्हय? लाजंनं निघून गेली असती. आमाला म्हाईत न्हाई असं वाटायचं, म्हून तर येवढ्या मोठ्यांदी हसायची. त्यात म्या कशाला बिब्बा घालू?"

आता तिची क्वार्टर रेल्वेला परत द्यायची होती. पोरगी माझ्याकडंच आहे, माझ्या मुलाशी भांडत, आईसारखीच मोठ्यानं हसत. पण त्याच आठवड्यात रांजणगावची एक पोरगी बाळंत झाली होती. मोहिनीनं तिला शब्द दिला होता. माझी शाळा, दोन लेकरं, वर पहिला मजला... मी तिला नाही म्हणून कळवायचं ठरवलं होतं. मावशींना हेही ठाऊक! "ती पोर येनार हाय न्हवं सोमवारी? माझ्याकडं आन. मागली खोली रिकामीच हाय."

सोमवारी ती आली. मोहिनीच्या घरातली शेगडी आणि पाट मी मावशींच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवले होते. मावशी पाय पसरून बसल्या आणि नातवंडांना चोळतात तशी त्या पोरीची पाठ चोळायला लागल्या. मी बाळाला बोंडल्यानं पाजत होते. तेवढ्यात कारकुनीणबाई दाराशी आल्या. पाटावर पालथी पडलेली अनोळखी पोर बघून म्हणाल्या, "मावशी, ही कोण?" मावशी हात न थांबवता म्हणाल्या, "माझ्या भावाची पोर."

हौसामावशींना भाऊ नाही. दर राखीपौर्णिमेला त्या यावरून रडतात, हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक आहे. कारकुनीणबाईंनी पोरीकडं बघितलं, माझ्या मांडीवरच्या बाळाकडं बघितलं, बोंडल्याकडं बघितलं. "बरं," त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "दुपारी तुम्ही शाळेत असता ना? मग दुपारचं पाजायला मी येत जाईन." आणि चपला काढून आत आल्या.